काहिलीत बसायची रीत

रोहित पक्षी बघायला जायचंय असं मी आईला सांगितलं, तेव्हा ती ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"पाखरं बघाया?" ती म्हणाली. "सारा जलम गेला माझा ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात. गोफण फिरवून फिरवून खांदा निखळला. आन् आता तीच पाखरं बघाया गाडी करून जायचं व्हय?"

ही पाखरं वेगळी असतात, लांबून येतात, पंख उघडले की गुलाबी दिसतात, होडीत बसून जवळून बघता येतात, असं मी बरंच काही सांगितलं. होडी म्हटल्यावर तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं ती फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "बघू."

आमच्या आईचं "बघू" म्हणजे निम्मा होकार असतो. उरलेला निम्मा तिच्याकडून कसा काढायचा हे मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?"

खरं सांगायचं तर पाखरं हे निमित्त होतं. खरं कारण तिचा भाऊ.

माझं माहेर दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडच्या काठाला. आईचं माहेर समोरच्या काठाला, शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईला. आमच्या मळ्यातून मामाच्या वस्तीवरचा कडुनिंब दिसायचा. तिकडं कुणी चूल पेटवली की इकडं धूर दिसायचा. उन्हाळ्यात नदी उतरून माणसं सहज येत-जात. पण पावसाळ्यात नदी भरली की समोर दिसणाऱ्या त्या कडुनिंबापाशी पोचायला मोठा वळसा पडायचा, एसटी बदलून दिवस जायचा. आणि नागपंचमी नेमकी भर पावसाळ्यात येते. सासरी गेलेल्या लेकींनी पंचमीला माहेरी जायचं, भावानं न्यायला यायचं. नेणारा आल्याशिवाय लेकीनं उंबरा ओलांडायचा नाही. त्याला मूळ येणं म्हणतात. मूळ आलं नाही तर जायचं नाही, मग माहेर हाकेच्या अंतरावर का असेना.

मामा यायचा. काहिलीत बसून यायचा.

काहील म्हणजे गुऱ्हाळावरची उसाचा रस आटवायची कढई. पण तिला कढई म्हणताना लाज वाटावी एवढी ती मोठी असते, चार माणसं आत बसून जेवतील एवढी. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद. काहील रिकामी पडलेली. मग आमच्या नदीकाठच्या गावांनी तिची होडी केली होती. लोखंडाची आहे म्हणून बुडेल असं वाटतं, पण बुडत नाही, छान तरंगते. मात्र तिला ना पुढची बाजू ना मागची. जरा धार लागली की ती गरागरा फिरायला लागते. एक गडी मागून पोहत तिच्या कडीला धरून ढकलायचा आणि मामा आत बसून गूळ ढवळायच्या लाकडी फावड्यानं पाणी तोडायचा. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. आई त्याच्याहून मोठी, तो तिला आक्का म्हणायचा आणि जमिनीवर तिचा एक शब्द खाली पडू द्यायचा नाही. पण काहिलीत पाय ठेवला की तो मोठा व्हायचा. तिथं तो सांगेल तसं आईनं ऐकायचं.

काहिलीत बसायची एक रीत होती. कडेवर कुणी बसायचं नाही, बुडाला बसायचं. दोघांनी समोरासमोर बसायचं, पाय लांब करायचे आणि एकमेकांच्या तळव्याला तळवे लावून रेटा द्यायचा. म्हणजे काहील कितीही फिरली, कलली, तरी कुणी घसरत नाही. एक कलला की दुसऱ्याच्या पायाला आपोआप कळतं. आणि पाण्याकडं बघायचं नाही. पाण्याकडं बघितलं की डोकं फिरतं आणि माणूस उठून उभा राहतो. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं. मामा निघायच्या आधी दर खेपेला बजावायचा, "पाण्याकडं बघू नगं, आक्का. माझ्याकडं बघ."

मी आईच्या मांडीत बसलेली असायची. मला आठवतात ते त्यांचे तळवे. मामाचे चिखलानं माखलेले, भेगा पडलेले. आईचे त्यामानानं लहान, बोटांत जोडवी. काहिलीला कितीही राखेनं घासलं तरी गुळाचा वास जात नसे आणि बुडाला कुठं तरी चिकट लागायचंच. पलीकडं उतरलं की आईच्या लुगड्याला मुंग्या लागायच्या. काहील फिरायची तशी डोळ्यांपुढून एकदा आमचा काठ जायचा, एकदा मामाचा, पुन्हा आमचा. देवळाचा कळस एका खेपेत मी किती वेळा बघायची कोण जाणे. भीती वाटायची नाही. आईला वाटत असणार, पण ती मामाकडं बघत असायची आणि मामा तिच्याकडं, त्यामुळं मला वाटायचं हा दोघांचा काहीतरी खेळ आहे.

मोठ्या बहिणीला पाय लावणं म्हणजे पाप. म्हणून काठाला लागलं की मामा आधी उतरायचा, चिखलातच वाकून आईच्या पायांना हात लावायचा आणि म्हणायचा, "पाय लागला, आक्का." आई म्हणायची, "लागला तर लागला. बुडालो न्हाई ना?" हे दर खेपेला. शब्द बदलायचा नाही. निघताना नाही, फक्त उतरताना. मला लहानपणी वाटायचं, हे बोलल्याशिवाय नदी आपल्याला सोडत नाही.

एका पंचमीला काहील कलली. वरून बाभळीचं एक आख्खं झाड वाहत आलं आणि त्याची फांदी कडीला अडकली. एका बाजूनं पाणी आत आलं, माझं तोंड भिजलं, मागचा गडी ओरडला. आईनं मला छातीशी दाबलं आणि पायांचा रेटा काही सोडला नाही. मामानं फावड्यानं फांदी सोडवली. एवढंच. उतरल्यावर तो नेहमीसारखा वाकला, नेहमीसारखं बोलला. फक्त त्या दिवशी वाकलेला तो लवकर उठला नाही. मी तेव्हा फार लहान होते, मला वाटलं तो चिखलात काहीतरी शोधतोय.

पुढं पूल झाला. दोन्ही काठांनी पेढे वाटले. दुधाच्या गाड्या, उसाच्या गाड्या, शाळेची पोरं, सगळ्यांची सोय झाली. आणि त्या वर्षी पंचमीला मामाचा शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, "आता पूल झालाय. दाजींच्या गाडीवर बसून ये, आक्का. दहा मिनिटांचं काम."

आई गेली. पण कपाळाला आठी घालून गेली. पुढच्या वर्षीही गेली. मग एकदा ताप आहे म्हणाली, एकदा कांद्याची लागण आहे म्हणाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तोवर केडगावला दिलं होतं. नवरा कुरकुंभच्या कंपनीत पाळ्यांवर जायचा, आज पहिली तर उद्या रात्रपाळी, त्यातून मला माझंच उरकायचं नाही. आईचं दुखणं कुठं आहे हे मला कळायला मामेभावाचं लग्न यावं लागलं.

मामानं पत्रिका एका माणसाच्या हाती पाठवली आणि फोन केला. स्वतः आला नाही. आई म्हणाली, "मूळ न्हाई तर मी न्हाई." ते मामाच्या कानावर गेलं. तोही तिचाच भाऊ. तो म्हणाला, "सख्ख्या भणीला आवतण कसलं? घर तिचंच हाय. पूल काय दुसऱ्यांसाठी बांधलाय?"

लग्नाच्या दिवशी आई सकाळीच न्हाली. नवं लुगडं नेसली, नथ घातली आणि ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसली. वडील म्हणाले, चल, मी गाडी काढतो. ती म्हणाली, "तुम्ही जा." वडील गेले, अक्षता टाकून परत आले. ती तिथंच बसलेली होती. मांडवात मामा दर गाडीकडं मान उंचावून बघत होता, हळदीच्या वेळी त्यानं आत्याबाईला येऊ द्या म्हणून सगळ्यांना खोळंबून ठेवलं होतं, हे मला मामेभावानं नंतर सांगितलं. म्हणजे एक ओट्यावर वाट बघत बसली, दुसरा मांडवात. मध्ये चांगला डांबरी पूल. एवढी हट्टी माणसं मी दुसरीकडं पाहिली नाहीत, आणि मी सासरकडची माणसं धरून बोलतेय.

त्या दिवसापासून बोलणं बंद. केडगावच्या बाजारात समोरासमोर आले तरी आई मेथीच्या जुड्या निरखायला लागायची. भाऊबीजेला जिला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. आमच्या आईनं, समोरच्या काठावर धडधाकट भाऊ असताना, अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. एका वर्षी मी तिथं होते. तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं आणि बोलायची सोय नव्हती. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली.

अशी बरीच वर्षं गेली. वडील गेले तेव्हा मामा आला, पुरुषांच्यात बसला, उठून गेला. आणि मग एके दिवशी मामेभावाचा मला फोन आला. "ताई, आमचं म्हातारं थकलंय," तो म्हणाला. "जिना चढला की दम लागतो. डॉक्टर म्हणतात, हृदय मोठं झालंय. संध्याकाळी नदीकडं तोंड करून बसतंय. इचारलं तर म्हणतंय, वारं घेतोय." मग म्हणाला, "एकदा भेट व्हायला पायजे. न्हाई तर पुढं आपल्यालाच खुपल."

घरी न्यायचं तर प्रश्न आला की कुणी कुणाच्या घरी जायचं. त्यावरच तर सगळं अडलं होतं. त्यामुळं जागा तिसरीच हवी होती. मामेभावाला कल्पना सुचली. दौंड तालुक्याच्या पूर्वेला, उजनीचं पाणी भीमेच्या पात्रातून मागं पसरत येतं, तिथं थंडीत रोहित उतरतात. कोळी लोक होडीतून फिरवून आणतात. त्यानं मोबाईलवर कुठल्याशा परदेशातला व्हिडिओ पाहिला होता, मागं भलामोठा पंखा लावलेली होडी दलदलीवरून सुसाट पळते असा. तो मामाला दाखवून म्हणाला, असल्या होडीत बसवून आणतो. मामानं तो नीट बघितला आणि म्हणाला, "एवढा फॅन लावल्यावर पाखरं कशाला थांबत्यात?" पण यायला तयार झाला. मी इकडं आईला पटवलं. दोघांनाही दुसऱ्याचं नाव सांगितलं नाही.

माघातली सकाळ होती. पाण्यावर अजून धुकं होतं. आमची गाडी पोचली तेव्हा मामा आधीच काठावर उभा होता, धोतर, टोपी, अंगात जाड स्वेटर. आईनं त्याला गाडीतूनच ओळखलं. पाठमोरा होता तरी ओळखलं. मला म्हणाली, "मला गाडीतच बसू दे. तुम्ही जाऊन या."

"आई, एवढ्या लांब आलोय."

"त्यानं सांगितलंय का न्यायला?"

मी हो म्हणू शकत नव्हते. तेवढ्यात मामानं मागं वळून बघितलं. त्याच्या तोंडावरनं काय गेलं ते मला सांगता येणार नाही. त्यानं मुलाकडं रागानं एक नजर टाकली आणि पुन्हा पाण्याकडं तोंड केलं. होडीवाला मात्र घाईत होता. "आजी, बसा बिगी बिगी. उन्हं वर आली की पाखरं लांब सरकत्यात." आता आई मागं फिरली असती तर ती घाबरली असं झालं असतं. मामा मागं फिरला असता तर त्यानं माघार घेतली असं झालं असतं. त्या हट्टानं दोघंही होडीत बसली. माझ्या आयुष्यात त्यांच्या हट्टाचा झालेला हा एवढाच फायदा.

होडी साधी, लांबट, मागं इंजिन. पंखा वगैरे काही नव्हता. आडव्या फळ्या टाकलेल्या बसायला. आई पुढच्या टोकाच्या फळीवर बसली, मामा इंजिनाजवळच्या, मधे आम्ही दोघं आणि पुण्याहून आलेले एक गृहस्थ, त्यांच्या गळ्यात हातभर लांबीचा कॅमेरा. सगळ्यांना केशरी जाकिटं घातली. नऊवारीवर केशरी जाकीट चढवलेली आमची आई निवडणुकीच्या प्रचाराला निघाल्यासारखी दिसत होती, पण हे तेव्हा बोलायची माझी छाती नव्हती.

होडी निघाली. राखी बगळे काठाकाठानं उभे होते. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे पंख वाळत घालून बसले होते. एक खंड्या सप्पकन पाण्यात पडला आणि मासा घेऊन वर आला. होडीवाला नावं सांगत होता. आई पदराचं टोक मुठीत धरून समोर बघत होती. मामा बाजूला बघत होता. मी मनात म्हटलं, झालं, हे असेच जातील आणि असेच परत येतील, आणि वर आयुष्यभर मला ऐकवतील.

मामानंच होडीवाल्याला विचारलं, "आम्ही वडगाव रासाईचं. हे पाणी कुठनं येतं?"

"वरनंच की, आबा. तुमच्या वडगावावरनंच खाली येतं."

मामा म्हणाला, "म्हंजी आपलीच नदी." आईनं पहिल्यांदा पाण्याकडं बघितलं.

पुढं उथळ पाण्यात रोहित दिसले. लांबून पांढरी रेघ वाटत होती. जवळ गेल्यावर त्यांच्या माना दिसल्या, पाण्यात उलट्या बुडवलेल्या चोची दिसल्या. होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी रेटायला लागला. कुणी बोलत नव्हतं. नेमके तेव्हाच ते कॅमेरेवाले गृहस्थ उभे राहिले. उभेच राहिले नाहीत, तर होडीच्या एका कडेवर पाय ठेवून पुढं वाकले. होडी त्या बाजूला झुकली. "साहेब, बसा खाली," होडीवाला ओरडला. साहेब घाबरून दुसऱ्या कडेला गेले, तशी होडी तिकडं झुकली. पाण्याचा एक हबका आत आला.

मी फळी धरली. मामेभावानं मला धरलं. आणि मी पाहिलं, तर आई फळीवर नव्हती.

ती होडीच्या बुडाला बसली होती, साचलेल्या पाण्यात, पाय लांब करून. आणि मामाही त्याची फळी सोडून खाली बसला होता. आमच्या पायांमधनं बुड घासत घासत तो पुढं आला. दम लागत होता त्याला, पण आला. त्यानं धोतरातून दोन्ही पाय लांब केले आणि आईच्या तळव्यांना तळवे लावून रेटा दिला. दोघांपैकी कुणी काही ठरवलं नव्हतं. होडी कलली आणि त्यांच्या अंगानं जे केलं ते केलं.

होडीवाला डोक्याला हात लावायच्या बेतात होता. "आबा, आजी, वर बसा की. खाली पाणी हाय. काय होत न्हाई, होडी लांब हाय आपली." त्याचं बरोबर होतं. लांब होडीत असं बुडाला बसून काही फायदा नाही. ही रीत काहिलीची, गोल भांड्याची. पण त्याचं ऐकायला दोघंही तिथं नव्हती.

आईचे डोळे पाण्यावर गेले होते. मामा म्हणाला, "पाण्याकडं बघू नगं, आक्का. माझ्याकडं बघ."

"बघतेय," आई म्हणाली.

होडी थांबली, स्थिर झाली. साहेब ओशाळून बसले. तरी त्या दोघांनी पाय काढले नाहीत. मग आई म्हणाली, अगदी हळू, जसं काही मधली वर्षं झालीच नाहीत, "पूल झाला म्हणून यायचं थांबायचं असतं व्हय रे?"

मामा म्हणाला, "ती बाभळ अडकली व्हती, आठवतंय? तू आन् ही पोर. त्या दिसापासनं मला काहिलीची झोपंत भ्या वाटायची. पुलासाठी मी शिरूरला किती खेटं घातलं, पुण्याला गेलो, सायबांच्या दारात बसलो. मला वाटलं, आता आक्काला पाण्यावर बसाया लागायचं न्हाई. कुणाची वाट बघाया लागायची न्हाई. मनात येईल तवा येईल." त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. "तू आलीच न्हाईस."

"मला काय ठावं," आई म्हणाली. "मला वाटलं, तू सुटलास."

मला हे नवीन होतं. मामानं पुलासाठी खेटे घातले हे कुणी कधी आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यानंच सांगितलं नव्हतं. त्यानं बहिणीसाठी पूल मागितला आणि बहिणीला वाटलं, पुलानं भाऊ नेला.

तेवढ्यात सगळे रोहित एकदम उठले. पंखांचा आवाज डोक्यावरून गेला, साहेबांचा कॅमेरा कडकड वाजला, मामेभाऊ "ताई, बघ, बघ" म्हणत होता. सगळं आभाळ गुलाबी झालं होतं म्हणे. आई आणि मामानं काही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. मी पाय बघत होते. मामाचे पाय सुजलेले, नखं पिवळी पडलेली. आईचे वाळलेले, आणि जोडव्यांच्या जागी बोटांवर नुसते वळ.

काठाला लागल्यावर होडीवाल्यानं आईला उतरवायला हात पुढं केला. मामानं त्याला थांबवलं. तो आधी उतरला, घोट्याएवढ्या चिखलात. मुलानं दंड धरला होता तो त्यानं सोडवून घेतला. आई होडीच्या कडेशी आली, तिचा एक पाय चिखलात पडला, तसा तो वाकला.

"पाय लागला, आक्का."

आईनं दुसरा पायही चिखलात टेकला. "लागला तर लागला," ती म्हणाली. "बुडालो न्हाई ना?"

मामा वाकलेलाच होता. मुलानं त्याला धरून उठवलं. मग तो म्हणाला, "चल. न्यायला आलोय."

"अशी? वल्ल्या लुगड्यानं?"

"तवा कोरडी कवा आली व्हतीस?"

आई हसली. मी तिचं असं हसणं विसरून गेले होते. ती हसली आणि मग रडायला लागली, आणि मामा तिच्यावर रागावला, की पाखरं बघायला आलोय, लोक बघत्यात. लोक म्हणजे ते कॅमेरेवाले साहेब. त्यांचं लक्ष नव्हतं, ते फोटो तपासत होते.

ती तशीच वडगावला गेली. पिशवी नाही, दुसरं लुगडं नाही. मामा पुढं बसला होता, पुलावर आल्यावर त्यानं गाडी थांबवायला लावली. खाली पाणी दिसतच नव्हतं, सगळी जलपर्णी. "तिथं लागायची काहील," तो बोट करून म्हणाला. आई म्हणाली, "तिथं न्हाई. जरा वर, पिंपरणीच्या झाडापाशी." दोघांचं त्यावरून वाजलं. मला बरं वाटलं. घरी गेल्यावर आई आधी गोठ्यामागं गेली. काहील तिथं होती, म्हशींना पाणी प्यायला ठेवलेली, गंजून लाल झालेली. तिनं कडेवरून हात फिरवला आणि बोट नाकाशी नेलं. गुळाचा वास येत होता का ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मामानं एकही सण चुकवला नाही. पंचमीला, दिवाळीला मुलाला गाडी काढायला लावायचा, पुलावरून यायचा, आमच्या अंगणात गाडीतून उतरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "न्यायला आलोय." दहा मिनिटांची वाट, पण आई सकाळपासून तयार होऊन बसायची. भाऊबीजेला चंद्र आपला तसाच राहिला, कुणी ओवाळलं नाही. आई शेजारणींना सांगायची, मी रोहित बघून आले. कसे असतात विचारलं तर म्हणायची, "मोठी असत्यात. गुलाबी." एवढंच तिला माहीत होतं, आणि तेही माझ्याकडूनच कळलेलं.

मामा झोपेतच गेला. फार दिवस मिळाले नाहीत त्यांना, हे मला अजून लागतं. चार पंचम्या आधी ही पाखरं आम्हाला सुचायला काय झालं होतं, असं वाटतं.

या पंचमीला आई सकाळी न्हाली, लुगडं नेसली आणि ओट्यावर बसली. मी म्हटलं, आई, आता कोण येणार? ती रस्त्याकडं बघत राहिली. दुपार व्हायच्या आत गाडी आली. मामेभाऊ उतरला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, न्यायला आलोय." मी पदर तोंडाला लावला. आई उठली, त्याच्या खांद्याला धरून गाडीत बसली.

वडगावला उतरल्यावर तो तिच्या पाया पडायला वाकला. घरात शिरताना सगळेच पडतात, तसा. आई वाट बघत थांबली. तो काही बोलेल असं तिला वाटलं असावं. तो बोलला नाही, त्याला कुठं माहीत होतं. मग तिनं त्याला दंडाला धरून उठवलं.

"तू कशाला पडतोस रं," ती म्हणाली. "तुझा कुठं पाय लागलाय मला."